शाळेतून टेनिस कोर्टवर: नाशिकमधील शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतील नोकरी सोडून पूर्णवेळ टेनिस प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे नाशिक शहर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. येथील पाऊस, येथील शाळांच्या वेळा आणि येथील पालक यांचा या व्यवसायाशी असलेला संबंध प्रशिक्षकाच्या फोरहँडपेक्षा जवळचा आहे, हे मी आरंभीच नमूद करतो.

१. मी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर कधी खेळलो नाही. तरीही प्रशिक्षक होता येईल का?

नवशिक्या व मध्यम खेळाडूंचा प्रशिक्षक निश्चित होता येईल. स्पर्धात्मक खेळाडूंचा प्रशिक्षक लगेच होता येणार नाही, आणि तसा दावाही करू नये. आठ वर्षांच्या मुलाला शिकवताना आपल्या सर्व्हिसच्या वेगाला फारसे महत्त्व नसते. त्याला हव्या त्या उंचीवर, हव्या त्या जागी, एकाच लयीत पन्नास चेंडू देता येणे महत्त्वाचे असते. ही हाताची सफाई सरावाने येते, मात्र ती येण्यास काही महिने लागतात आणि ती आलेली नसल्यास पहिल्याच आठवड्यात पालकांच्या लक्षात येते. ज्यांना वीस चेंडूंची रॅली, म्हणजे चेंडू न चुकता एकमेकांकडे परतवत राहणे, टिकवता येत नाही, त्यांनी आधी स्वतः एखाद्या प्रशिक्षकाकडे शिकावे आणि या पानावरील पुढचे प्रश्न नंतर वाचावेत.

२. शिक्षकी पेशाचा अनुभव कोर्टवर खरोखर उपयोगी पडतो का, की ते केवळ मनाचे समाधान आहे?

उपयोगी पडतो, आणि बहुतेक शिक्षकांना वाटते त्याहून अधिक पडतो. चांगले खेळणारे अनेक जण प्रशिक्षक म्हणून कमी पडतात, कारण त्यांना एका वेळी एकाच खेळाडूकडे पाहता येते. साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला कोर्टच्या दुसऱ्या टोकाला कोण रांग मोडतो आहे, कोण कंटाळला आहे आणि कोण रॅकेट फिरवत दुसऱ्याच्या डोक्याजवळ पोहोचला आहे, हे न वळता कळते. पाठ टाचणाची सवयही येथे थेट कामाला येते: आजच्या तासाचे उद्दिष्ट कोणते, ते साधले की नाही हे कशावरून ओळखायचे, आणि न साधल्यास तोच भाग सोपा कसा करायचा, एवढे कागदावर उतरवून कोर्टवर जाणारे प्रशिक्षक थोडेच असतात.

काही सवयी मात्र आड येतात. पहिली सवय बोलण्याची आहे. वर्गात पस्तीस मिनिटे समजावून सांगता येते. कोर्टवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बोलल्यास मुले चेंडूशी चाळा करू लागतात. दुसरी सवय प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची आहे. मुलाने फोरहँड मारताना पकड, पाय, खांदा आणि नजर असे चारही बिघडवले असतील, तर त्यांतील एकच गोष्ट निवडून बाकीच्यांकडे त्या दिवशी दुर्लक्ष करावे लागते. लाल शाईची सवय असलेल्या हाताला हे जड जाते. तिसरी बाब आवाजाची: उघड्या मैदानावर वर्गातला आवाज पोहोचत नाही आणि ओरडून घसा बसतो. शिट्टी वापरावी, आणि मुलांना जवळ बोलावूनच सूचना द्याव्यात.

३. कोणते प्रमाणपत्र घ्यावे?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, प्रशिक्षक अभ्यासक्रमांत प्रवेशपातळीवर ‘प्ले टेनिस’ हा छोटा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर नवशिक्या व मध्यम खेळाडूंच्या प्रशिक्षकांसाठीचा, मग प्रगत खेळाडूंसाठीचा आणि शेवटी उच्च कामगिरीच्या खेळाडूंसाठीचा अभ्यासक्रम येतो. नवशिक्या व मध्यम खेळाडूंसाठीच्या अभ्यासक्रमाला जुने लोक अजूनही ‘लेव्हल वन’ म्हणतात. भारतात या बाबतीत अखिल भारतीय टेनिस संघटना (आयटा) आणि राज्यात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना यांच्या घोषणांवर लक्ष ठेवावे. पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका वेगळ्या वाटेची आहे. ती पूर्णवेळ करावी लागते आणि तिचा मुख्य उपयोग सरकारी प्रशिक्षकपदासाठी होतो. स्वतःची बॅच चालवू पाहणाऱ्या नोकरदार शिक्षकाने आयटीएफच्या मार्गाने जाणे अधिक व्यवहार्य आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) असल्यास चांगलेच, पण ते टेनिसच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

४. माझे वय ४२ आहे. उशीर झाला का?

वयाचा प्रश्न मुळात गुडघे, खांदा आणि कोपर यांचा आहे. पूर्णवेळ प्रशिक्षक रोज पाच-सहा तास उभा असतो आणि बास्केटमधून शेकडो चेंडू देतो. चेंडू शक्य तेथे रॅकेटऐवजी हाताने, खालून टाकून द्यावेत. नवशिक्यांना ते सोपेही जाते आणि कोपरही वाचते. मोठ्या मुलांशी खेळण्यासाठी मार्कर, म्हणजे सरावाला समोर खेळणारा पगारी खेळाडू, ठेवावा, त्याचा खर्च प्रश्न ९ मधील हिशेबात धरावा. आरोग्य विमा राजीनाम्यापूर्वीच काढावा, आणि घरकर्ज घ्यायचे असल्यास तेही पगार चालू असतानाच मंजूर करून घ्यावे, कारण स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात.

५. नोकरीत असतानाच सकाळ-संध्याकाळ कोचिंग सुरू केले तर चालेल का?

शाळेची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पैसे घेऊन शिकवू नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापनाचे काम करता येत नाही. टेनिस हे त्यात मोडते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद आपल्या सेवापुस्तकाच्या जोरावर घालण्यात शहाणपण नाही. स्वतःच्याच शाळेतील विद्यार्थ्यांकडून फी घेणे तर सर्वस्वी टाळावे. परवानगी मिळत नसेल तर एखाद्या प्रशिक्षकाच्या बॅचवर विनामोबदला साहाय्यक म्हणून उभे राहावे, आणि तेही शाळेला कळवून. मी प्रत्येकाला निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक परीक्षांचा हंगाम असा काढण्याचा आग्रह करतो, कारण उन्हाळी शिबिरातली गर्दी पाहून घेतलेला निर्णय जुलैमध्ये पश्चात्तापाला कारण होतो.

६. राजीनामा कसा आणि कधी द्यावा?

खासगी शाळांतील शिक्षकांना महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. नोटिशीचा काळ आणि शाळेची सुट्टी एकमेकांवर येऊ देण्यावर निर्बंध आहेत, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी नियम ४० स्वतः वाचावा.

७. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत फरक काय? पेन्शन, ग्रॅच्युइटी व पीएफ यांचे काय होते?

या पानावरील सर्वांत महागात पडू शकणारा प्रश्न हाच आहे. अनुदानित शाळेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या आणि जुनी पेन्शन लागू असलेल्या शिक्षकाने राजीनामा दिल्यास निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे आधीची सेवा गमावली जाते. याउलट, वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा पूर्ण झाली असेल तर तीन महिन्यांच्या नोटिशीने स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळते. एकोणीस वर्षे काही महिने सेवा झालेल्या शिक्षकाने कोर्टच्या ओढीने राजीनामा देणे म्हणजे आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनावर पाणी सोडणे होय. अशांनी थांबावे, टेनिस कोर्ट कोठे जात नाही. अर्हताकारी सेवा किती भरते, हे बिनपगारी रजा वगैरे वजा करून लेखी घ्यावे.

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांसाठी अंशदायी पेन्शन योजनेचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या खात्याचे विवरण आधी मागवावे. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन, असा तिचा हिशेब आहे. भविष्य निर्वाह निधी पाच वर्षांच्या आत काढल्यास त्यावर कर लागू शकतो, आणि त्यातील पेन्शन योजनेसाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे झालेल्यांनाही वरचाच सल्ला.

८. नाशिकमध्ये कोर्ट भाड्याने घ्यावे की स्वतःचे बांधावे?

प्रथम भाड्यानेच घ्यावे. कोर्टच्या रेषांमधील लांबी २३.७७ मीटर व दुहेरीची रुंदी १०.९७ मीटर असली, तरी मागे व बाजूला धावण्यास जागा धरून ३६.५७ बाय १८.२९ मीटरचा तुकडा लागतो, म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या आसपास एवढी मोकळी जमीन प्रशिक्षकाच्या आवाक्यात नसते, आणि मखमलाबाद, आडगाव किंवा पाथर्डीच्या बाजूला ती मिळालीच तर आधी बिगरशेतीची स्थिती पाहावी लागते.

भाड्याचे कोर्ट पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. कोर्ट उत्तर-दक्षिण आहे का, हे पाहावे. पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळच्या बॅचमधील निम्मी मुले सूर्याकडे तोंड करून खेळतात. दिवे आहेत का, हेही पाहावे, कारण डिसेंबर-जानेवारीत नाशिकमध्ये सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाची बॅच अंधारात उभी राहते. आणि पावसाच्या सरीनंतर अर्ध्या तासाने जाऊन पाणी कोठे साचते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. गृहनिर्माण सोसायटीचे कोर्ट स्वस्त पडते, पण बाहेरची मुले आत घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आहे का, हे विचारावे. नाहीतर समिती बदलली की बॅच रस्त्यावर येते. करार कोणताही असो, तो नोंदणीकृत करावा.

९. महिन्याला किती मिळतील?

फी किती ठेवावी यापेक्षा कोर्टचा एक तास किती मिळवून देतो, हा हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आठ मुलांची बॅच, आठवड्यातून तीन दिवस एक-एक तास, प्रत्येकी २,००० रुपये फी. म्हणजे महिन्याला १६,००० रुपये. कोर्टभाडे तासाला ३०० रुपये धरल्यास तेरा तासांचे ३,९०० गेले आणि १२,१०० उरले. अशा सात बॅच भरल्या तर ८४,७०० रुपये उरतात. येथपर्यंत येऊन बहुतेक जण राजीनामा लिहू लागतात.

पण वर्षात पूर्ण फी मिळणारे महिने बारा नसतात. नऊ धरले तर वर्षाचे ७,६२,३०० होतात आणि बारा महिन्यांवर वाटल्यास महिन्याचे साधारण ६३,५०० पडतात. यातून मार्कर, चेंडू, जाळीची दुरुस्ती आणि विमा वजा करायचा आहे. शिवाय या वेळा मर्यादित असतात. नाशिकच्या अनेक शाळा सकाळ व दुपार अशा दोन सत्रांत भरतात. दुपारच्या सत्रातील मुले सकाळी आणि सकाळच्या सत्रातील मुले संध्याकाळी येतात, आणि अकरा ते चार या वेळेत कोर्ट तापत पडलेले असते. त्या वेळेत कोणी येणार नाही, असे धरूनच चालावे. संध्याकाळी आठनंतर मात्र सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील आणि कार्यालयांतील प्रौढ मंडळी येतात. ती फी वेळेवर देतात आणि दहावीला बसत नाहीत.

१०. पावसाळ्यात काय करायचे?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील सगळे तास हातचे धरू नयेत. मातीचे कोर्ट मोठ्या पावसानंतर वाळवून, रोलर फिरवून पुन्हा उभे करावे लागते आणि तोवर पुढची सर येते. सिंथेटिक कोर्टवरील पाणी रबरी पुसणीने ओढून काढता येते, म्हणून पावसाळ्यापुरते तरी असे कोर्ट गाठावे. शाळेचे सभागृह मिळत असेल तर लाल चेंडूंचे वर्ग आत घेता येतात (प्रश्न १२). बुडालेल्या तासांचे काय करणार, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावे. मी तास भरून देण्याच्या बाजूचा आहे, पैसे परत देण्याच्या नाही, कारण कोर्टमालक पावसाचे भाडे सोडत नाही.

११. मुले नववी-दहावीत खेळ सोडतात, हे खरे का?

खरे आहे, आणि यावर तोडगा नाही. पालकांशी भांडू नये. दहावीच्या वर्षात आठवड्यातून एक दिवस यायची मुभा द्यावी, म्हणजे मूल तुटत नाही. व्यवसाय टिकायचा असेल तर खालच्या वयोगटाची बॅच दर वर्षी भरली पाहिजे.

१२. पालक विचारतात, “सर, खरा पिवळा बॉल कधी देणार?” त्यांना काय सांगावे?

प्रमाणित पिवळा चेंडू सात वर्षांच्या मुलासमोर टप्पा घेतो तेव्हा तो त्याच्या खांद्यावर, कित्येकदा डोक्यावर जातो. तेवढ्या उंचीवरचा चेंडू परतवण्यासाठी मूल रॅकेट तव्यासारखी धरते, कोपर वर उचलते आणि मागे रेलते. ही पकड एकदा हातात बसली की पुढे ती सोडवण्यात वर्ष जाते. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के, नारंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. लाल चेंडू साधारण ११ ते १२ मीटर लांबीच्या छोट्या कोर्टवर आणि नारंगी साधारण १८ मीटरच्या कोर्टवर खेळतात. चेंडू कमरेच्या उंचीला येतो, मुलाला पाय लावायला वेळ मिळतो आणि पहिल्याच महिन्यात रॅली होते.

एवढे सांगूनही काही पालकांना हे प्लॅस्टिक बॅटचे खेळणे वाटते. त्यांना सांगावे की २०१२ पासून आयटीएफच्या नियमांनुसार दहा वर्षे व त्याखालील वयोगटाच्या स्पर्धा पूर्ण कोर्टवर नेहमीच्या पिवळ्या चेंडूने घेता येत नाहीत. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे पालकाला कोर्टवर बोलावून मुलासमोर उभे करणे. आधी पाच मिनिटे पिवळ्या चेंडूने, मग पाच मिनिटे लाल चेंडूने. तो प्रश्न त्या घरातून पुन्हा येत नाही. प्रशिक्षकाच्या दृष्टीने आणखी एक सोय अशी, की एका पूर्ण कोर्टवर लाल चेंडूची चार छोटी कोर्टे बसतात, त्यामुळे प्रश्न ९ मधील आठ मुलांची बॅच रांगेत ताटकळत नाही.

१३. सुरुवातीला किती सामान घ्यावे?

एक बास्केट, साठ-सत्तर सरावाचे चेंडू, प्रत्येक रंगाचे दोन-तीन डझन, शंकू, खाली टाकायच्या रबरी रेषा आणि दोन छोट्या जाळ्या एवढे पुरे. सरावासाठी दाबरहित चेंडू घ्यावेत. डबा फोडल्यावर दाबाचे चेंडू काही आठवड्यांतच मऊ पडतात. चेंडू टाकाऊ झाला का हे ओळखण्याची सोपी रीत नियमातच आहे: २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला नवा पिवळा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. भिंतीवर खुणा करून ठेवाव्यात. बॉल मशीन पहिल्या वर्षी घेऊ नये.

१४. माझ्या बॅचमधील मुलाला स्पर्धेला पाठवायचे आहे. कोठून सुरुवात करावी?

जिल्हास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांपासून करावी. त्या १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात आणि नोंदणी शाळेमार्फत होते, म्हणून आपले शाळेतील संबंध येथे कामाला येतात. त्यापुढे आयटाच्या १२, १४, १६ व १८ वर्षांखालील मानांकन स्पर्धा आहेत. त्यांसाठी खेळाडूची आयटाकडे नोंदणी लागते. पुणे येथून सुमारे २१० किलोमीटर आहे, आणि पहिल्या फेरीत हरल्यास मूल एका सामन्यासाठी दोन दिवस शाळा बुडवते, हा खर्च पालकांना आधीच सांगावा. मूल आपल्या कुवतीपलीकडे गेले असे दिसले, तर त्याला पुण्यातील किंवा मुंबईतील प्रशिक्षकाकडे पाठवावे. विद्यार्थी वरच्या वर्गात गेला म्हणून शिक्षकाला वाईट वाटत नसते.

१५. जीएसटी आणि प्राप्तिकर लागतो का?

वर्षाची एकूण जमा फी २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास जीएसटी नोंदणी करावी लागते. येथे नफा नव्हे, तर जमा पाहिली जाते. ‘कोचिंगला जीएसटी माफ आहे’ असे ऐकून निश्चिंत राहू नये: जुलै २०२२ पासून खेळाच्या प्रशिक्षणावरील सूट नोंदणीकृत धर्मादाय संस्थांपुरती आहे, व्यक्तीला ती मिळत नाही. क्लबने किंवा शाळेने मानधन दिल्यास ठराविक मर्यादेवर त्यातून १० टक्के करकपात होते. फी रोखीने घेतली तरी पावती द्यावी.

१६. मुलींच्या बॅच आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेबाबत वेगळे काय करावे लागते?

शाळेत शिपाई, सहकारी आणि मुख्याध्यापक असतात. कोर्टवर आपण एकटे असतो. म्हणून पालकांना कोर्ट दिसेल अशी जागा ठेवावी, एकट्या मुलाला गाडीवर सोडायला जाऊ नये, आणि मुलांशी खासगी संदेशांऐवजी पालकांच्या गटावर बोलावे. पकड दाखवताना आपली रॅकेट समोर धरून दाखवावी. हात धरणे आवश्यकच असेल तर विचारून धरावा. पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि ते न करणे हा गुन्हा आहे.

१७. माझे स्वतःचे मूल माझ्याच बॅचमध्ये असावे का?

शक्यतो नसावे. दुसरा पर्याय नसेल तर चुका कोर्टवरच सांगाव्यात, जेवताना नव्हे.

१८. जमले नाही तर शाळेत परत जाता येईल का?

अनुदानित शाळेत परतणे अवघड आहे. तेथील भरती अभियोग्यता चाचणी आणि राज्याच्या शिक्षक भरतीचे संकेतस्थळ असलेल्या पवित्र पोर्टलमार्फत होते, पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, वयोमर्यादा आडवी येते आणि जुनी ज्येष्ठता मिळत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत, विशेषतः जेथे क्रीडा विभाग स्वतंत्र आहे तेथे, टेनिस शिकवू शकणाऱ्या बी.एड. शिक्षकाला मागणी असते. तेथे अर्धवेळ करार करून संध्याकाळच्या बॅच स्वतःकडे ठेवणे हा मधला मार्गही आहे, पण करारात बाहेर शिकवण्यास मनाई करणारे कलम आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे. रजेबाबतही अनेक जण विचारतात. बिनपगारी दीर्घ रजा घेऊन वर्षभर प्रयोग करून पाहण्यास व्यवस्थापन तयार असेल, तर मंजुरीच्या पत्रात त्या काळात मानधन घेण्यास हरकत नसल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. ते नसेल तर प्रश्न ५ मधील अडचण रजेवर असतानाही तशीच राहते.